लांब गिअर

माझ्या आईने आजवर एकही कलिंगड ठोकून पाहिल्याशिवाय घेतलेलं नाही, आणि ठोकून घेतलेल्या कलिंगडावरही ते कापेपर्यंत तिचा विश्वास नसतो. मी तिचीच लेक. त्यात नोकरी अशी मिळाली की स्वभावाला खतपाणीच झालं. भूमला एका दूध संकलन केंद्रावर मी दूध तपासते. सकाळी आणि संध्याकाळी आजूबाजूच्या गावांतून कॅन येतात. प्रत्येकातला नमुना घ्यायचा, फॅट बघायचं, पाणी घातलंय का, साखर घातलीय का, युरिया आहे का ते बघायचं. कॅन आणणारा कितीही हसून "ताई, घरच्या म्हशीचं हाय, डोळे झाकून घ्या," म्हणाला तरी आपले डोळे उघडेच ठेवायचे. डोळे झाका म्हणणाऱ्याचा कॅन मी सगळ्यात आधी तपासते.

दुपार मात्र माझी असते. सकाळचं दूध टँकरमध्ये गेलं की संध्याकाळच्या कॅनपर्यंत मला कुणी विचारत नाही, आणि त्या वेळात मी गाडी चालवते. खरी नाही, गेममधली. भाऊ लग्न करून पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला तेव्हा त्याने त्याच्या गेमचा सगळा संसार इकडे आणून टाकला: गेमचं मशीन, स्टिअरिंग, पायाखालचे पेडल. ते स्टिअरिंग मी आईच्या जुन्या शिलाई मशिनच्या टेबलाला आवळून बसवलं. आईला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. ते काही उतरलं नाही.

खरं सांगायचं तर मला शर्यतीपेक्षा शर्यतीआधीची खुडबुड जास्त आवडते. या गेममध्ये गाडी मिळाली तशीच चालवावी लागत नाही. टायरमधली हवा, स्प्रिंगचा ताठपणा, ब्रेक पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती, सगळं आपल्या हातात असतं. आणि सगळ्यात जास्त गोडी गिअरची. प्रत्येक गिअर आखूड करायचा की लांब, ते एकेक आकडा सरकवून ठरवता येतं. गिअर आखूड ठेवला की गाडी झटक्यात उचलते, पण लगेच तिचा दम संपतो आणि पुढचा गिअर टाकावा लागतो. लांब ठेवला की एकाच गिअरमध्ये गाडी बरीच लांब ओढता येते, पण उचल मंद. मी आखूड गिअरवाली. वळणातून बाहेर पडताना गाडीने मुसंडी मारली नाही तर मला चैन पडत नाही. त्यापायी सारखा गिअर बदलावा लागतो, आणि स्टिअरिंगच्या मागे गिअरच्या ज्या दोन पट्ट्या असतात त्या ओढल्या की दर वेळी टक्क असा आवाज होतो. आई शेजारच्या खोलीत दुपारची पडलेली असते. "काय ती टकटक! पाल बरी तुझ्यापरीस," असं ती रोज ओरडते आणि मी रोज "झालंच" म्हणते.

नळदुर्गचं स्थळ आलं ते अशाच दिवसांत. मला लग्न करायचं नव्हतं असं नाही. पण माझी नोकरी आणि माझी दुपार सोबत घेऊन करायचं होतं. माझ्या बरोबरच्या किती मुली "बघू नंतर" म्हणून नोकरी सोडून गेल्या आणि तो नंतर काही उगवला नाही, हे मी बघत आले होते. म्हणून मी घरात सांगून टाकलं होतं की नोकरी सुटणार असेल तर पाहुण्यांना बोलवायचा खर्चसुद्धा करू नका. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, मध्यस्थाला ते तसंच कळवलं. आता समोरची माणसं काय म्हणतात एवढंच बघायचं होतं.

मुलगा, त्याची आई आणि थोरला भाऊ असे तिघं आले. हायवेला त्यांचं टायरचं दुकान होतं, वर घर. मुलगा उंच, बोलायला बरा. त्याच्या आईने चहाचा कप खाली ठेवायच्या आतच सांगून टाकलं, "नोकरी करू दे की. आमचं काय म्हणणं न्हाय. तिकडंबी डेअऱ्या हायत." मी न विचारता उत्तर आलं म्हणून माझे कान टवकारले. न विचारता दिलेल्या उत्तराची मला सवय आहे. घरच्या म्हशीचं हाय.

मग मुलाची नजर शिलाई मशिनवर गेली. "हे कोणाचं?" त्याने विचारलं.

"माझं," मी म्हणाले.

"अरे वा. आमच्याकडं पण आहे. मी पण हाच गेम खेळतो."

आप्पांचा चेहरा खुलला. माझा नाही. मुलगी बघायला आलेल्या माणसाला मुलीला आवडतं ते सगळं आवडत असतं. मी विचारलं, "टायरला हवा किती ठेवता?" त्यावर तो बरंच बोलला, आणि सगळं बरोबर बोलला. हवा कमी केली की पकड वाढते पण टायर लवकर तापतो, वगैरे. पण टायर म्हणजे त्याचा धंदाच होता. म्हणून मी गिअरवर आले. "गिअर कसे लावता? आखूड का लांब?"

"ते काय, ट्रॅकवर असतं," तो म्हणाला.

हे उत्तर कधीच चुकत नाही, आणि न चुकणाऱ्या उत्तराला आमच्याकडे काही किंमत नाही. पण दोन्हीकडच्या मंडळींना योगायोगाचं फार कौतुक वाटलं. नंबर दिले-घेतले गेले, गेममधली नावंही दिली-घेतली गेली, आणि दुपारी वेळ मिळाला की दोघांनी मिळून खेळावं असं ठरलं. आप्पा म्हणाले, तेवढाच एकमेकांचा स्वभाव कळेल. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्तच खरं निघालं.

पहिल्याच दुपारी त्याची गाडी माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा मी मनातल्या मनात ओशाळले. माणूस खरंच चालवत होता. आणि चांगलं चालवत होता. ब्रेक वेळेवर, वळणाचं टोक नेमकं धरलेलं, अंगावर येणं नाही, ढकलाढकली नाही. मी मागे राहिले तर पुढे थांबून वाट बघणारा. पण बोलत मात्र काहीच नव्हता. मी माइकवर दोन-तीनदा हाक मारली. उत्तर फोनवर आलं, तेही खूप वेळाने: "माइक बिघडलाय. मजा आली आज."

नंतर हळूहळू माझ्या मनात शंका घर करू लागली. तो हरत होता. दर वेळी थोडक्यात. वळणापर्यंत माझ्या बरोबरीने यायचा आणि वळणातून बाहेर पडताना त्याची गाडी अशी संथ उचलायची की जणू हात जोडून "तुम्ही व्हा पुढं" म्हणतेय. ट्रॅकच्या कडेला लाल-पांढरे पट्टे असतात, त्यांच्यावरून चाक घातलं की वळण सरळ होतं आणि वेळ वाचतो. लहान पोरांनासुद्धा हे माहीत असतं. हा कधी त्या पट्ट्याला चाक लावायचा नाही. इतका हुशार चालवणारा आणि इतका सोपा वेळ सोडून देतो म्हणजे काय? मुद्दाम हरतोय. होणाऱ्या बायकोला जिंकू देतोय. मला त्याचा राग आला. आज गेममध्ये जिंकू देणारा माणूस उद्या घरात "तू म्हणशील तसं" म्हणणार आणि मग त्याला हवं तेच करणार, असं मला वाटलं. हरताना तो इतका छान हरत होता की मला ते जास्तच लागत होतं.

त्याच आठवड्यात आई आणि आप्पा नळदुर्गला घर बघून आले. आमच्याकडे मुलीची माणसं घर बघायला जातात ती चहा प्यायला जात नाहीत, आणि आई तर नाहीच नाही. तिने पाण्याची टाकी बघितली, देवघर बघितलं, संडासाची कडी लागते का तेही बघितलं. घरी येऊन पदराने घाम पुसत ती सांगू लागली. सासूचे गुडघे धरलेत, दुपारी ती खालच्या मधल्या खोलीत पडते. थोरली सून गरीब वाटते, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, चहा दिला आणि आत गेली. एक शब्द बोलली नाही. वरच्या खोलीत तुझ्यासारखंच गेमचं सामान आहे, त्याच्यावर साडीचं फडकं टाकलेलं.

"आणि खुर्चीवर उशी होती," आई म्हणाली.

"मग?"

"दोन उशा. एकीवर एक. पोरगा एवढा उंच, त्येला उशा कशाला लागत्यात?"

आप्पा म्हणाले की तिला उशांतसुद्धा काळंबेरं दिसतं. मला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि माझं काम काय होतं ते मी वर सांगितलंच आहे.

मी त्याला फोन करून म्हणाले, "तुमचं गाडीचं सेटअप पाठवा ना. मला बघायचंय." या गेममध्ये आपण लावलेले सगळे आकडे दुसऱ्याला पाठवता येतात, मग तो आपली गाडी जशीच्या तशी चालवू शकतो. "पाठवतो की," तो म्हणाला. त्याला दोन मिनिटं लागायला हवी होती. त्याला दोन दिवस लागले.

सेटअप उघडून मी बघतच राहिले. बाकी सगळं देखणं होतं. स्प्रिंग, ब्रेक, टायरची हवा, सगळीकडे विचार केलेला दिसत होता. आणि गिअर मात्र काहीच्या काही. दुसरा आणि तिसरा इतके लांब ताणलेले की अर्धा ट्रॅक तिसऱ्या गिअरमध्येच पार व्हावा. चौथा फक्त सरळ रस्त्यावर. पाचवा आणि सहावा तर नुसते नावाला. असे गिअर कुणी नवशिका लावेल, पण नवशिक्याला बाकीचं एवढं जमणार नाही. नकळत झालेली चूकही नव्हती, कारण एकेक आकडा जागेवर बसवलेला होता. हे कुणीतरी ठरवून केलं होतं. मला हरवायचं नाही म्हणून कुणी इतकी मेहनत घेईल?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तीच गाडी घेऊन एकटी ट्रॅकवर गेले. सुरुवातीला चिडचिड झाली. पट्टी ओढायला बोटं शिवशिवायची आणि ओढायचं काही कारणच नसायचं. मग सवय झाली. वळणात वेग कमी होऊ द्यायचा नाही, गाडी आधीपासून वळवत आणायची, इंजिनाला दम लागू द्यायचा नाही. वेगळंच कौशल्य होतं ते. मी त्याच्याच पद्धतीने, कडेच्या पट्ट्यांना न शिवता, पुष्कळ वेळ चालवत बसले.

आई उठून चहाला आली. चूळ भरली आणि म्हणाली, "आज खेळली न्हायस का? बरं न्हाय का तुला?"

"खेळत होते की."

"आवाज न्हाय आला."

मी चहाचं आधण ठेवलं होतं ते उतू जाऊन गॅस विझला तरी मला कळलं नाही. आवाज आला नाही. लांब गिअर, म्हणून पट्टी ओढणं नाही, म्हणून टकटक नाही. आणि कडेचे पट्टे का टाळायचे तेही त्याच क्षणी उमगलं. त्यांच्यावर चाक गेलं की आपल्या हातातलं स्टिअरिंग खडखडतं, टेबलासकट. ती गाडी मला जिंकवण्यासाठी लावलेलीच नव्हती. खाली कुणीतरी झोपलंय आणि त्याला कळू नये, यासाठी लावली होती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत, हायवेवर दुकान असलेला धडधाकट पुरुष कुणाला घाबरून असे गिअर लावेल?

आता फक्त खात्री करायची राहिली. पुढच्या दुपारी शर्यत सुरू झाली, त्याची गाडी माझ्या बरीच पुढे गेली, आणि मी एका हाताने फोन लावला. त्याने लगेच उचलला. मागे हवा भरायच्या मशिनची घरघर, कुणीतरी चाकावर हातोडा मारतंय, ट्रकचा हॉर्न.

"कुठे आहात?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? खेळतोय की तुमच्यासंगं."

"हो का? कुठपर्यंत आलात?"

"हे काय, तुमच्या मागंच आहे."

माझ्या डोळ्यांसमोर त्याची गाडी पुढच्या वळणात शिरली, नेमकं टोक धरलं आणि संथपणे बाहेर पडली. चोरी पकडली की माणसाला आनंद व्हायला हवा. कॅनमध्ये पाणी सापडलं की मला होतो. त्या दिवशी झाला नाही. मला त्या घरी जायचं होतं हे तोवर मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. फोन ठेवला आणि माइकवर हळूच म्हणाले, "तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. पण गाडी फार सुंदर चालवता."

पुढची गाडी कडेला गेली आणि थांबली. मी तिच्या शेजारी माझी उभी केली. मग गेममध्ये त्याच्या नावापुढे आजवर बंद असलेलं माइकचं चिन्ह पेटलं, आणि कुजबुजता आवाज आला.

"मी वहिनी हाय त्यांची."

डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, चहा देऊन आत गेलेली. तीच बोलली. गेम भावजींनीच आणला होता, चार दिवस खेळले आणि कंटाळले. ती फडकं मारायला वर जायची, एकदा बसून बघितलं, मग रोज. नवरा मालासाठी सोलापूरला आणि दुकानात, पोरं शाळेत, सासूबाई झोपलेल्या. दुपारचा तेवढाच वेळ. भावजींना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट भूमहून परत आल्यावर तेच म्हणाले की वहिनी, सामान इतक्यात विकत नाही, लग्न ठरेपर्यंत तेवढं माझ्या नावाने खेळा.

"म्हणजे ठरल्यावर?" मी विचारलं.

"ठरल्यावर मग तुम्ही येणारच की. तवा बघू म्हणले."

"गिअर लांब आहेत ते खाली आवाज जाऊ नये म्हणून?"

ती हसली. कुजबुजत हसणं काय असतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. "वळखलं का तुम्ही? पट्टीचा आवाज खाली जातो. त्या लाल कडेवर गेलं की टेबल हालतंय. गाडीचा आवाज तर मी आजवर ऐकलाच न्हाय. बंदच ठिवते, खालची हाक ऐकू याया पायजे. तुमचं बोलणं तेवढं एका कानात."

आवाज न ऐकता, गिअर न बदलता ती माझ्या बरोबरीने यायची. मी तिला म्हणाले की तुम्हाला माझे गिअर दिले तर तुम्ही मला धुळीत सोडून जाल. तेव्हा मी मला जे खरं विचारायचं होतं ते विचारलं.

"तुमच्या सासूबाई म्हणाल्या, नोकरी करू देऊ. खरं आहे का?"

"काय म्हणल्या? कसं म्हणल्या?"

"म्हणाल्या, नोकरी करू दे की, आमचं काय म्हणणं न्हाय."

मग ती म्हणाली, "मला बी असंच म्हणल्या होत्या. ह्याच शब्दांत. मी बीएड केलंय ताई. लग्नाआधी शाळेत शिकवत होते."

"मग सोडलीत का?"

"सोडली न्हाई. आणि कोणी सोड बी म्हणलं न्हाई. आजवर एकदा बी कोणी नको म्हणलेलं न्हाई बघा. आधी म्हणले लेकरू होऊ दे. मग दुकानातल्या माणसांचं जेवण. मग सासूबाईंचे गुडघे. अजून बी त्यांचं काय म्हणणं न्हाय."

मला तिच्यावरही शंका आली, हे लपवत नाही. जाऊ आली की गेम वाटून घ्यावा लागेल, दुपार वाटून घ्यावी लागेल, म्हणून ही मला भडकवत तर नसेल? मी सवयीने हिशोब मांडला. भेसळ करणाऱ्याला काहीतरी सुटत असतं, उगाच कुणी दुधात पाणी ओतत नाही. मी हो म्हणाले तर हिला घरात बोलायला माणूस मिळणार होतं, दोघी मिळून वरच्या खोलीत बसलो असतो आणि दोघींना कुणी हटकलं नसतं. मी नाही म्हणाले तर भावजींना या खेळाची गरज उरणार नव्हती आणि सामान विकलं जाणार होतं. खोटं बोलण्यात तिचाच फायदा होता. ती खरं बोलत होती आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होती.

"मी आले तर आपण दोघी खेळू," मी म्हणाले. मला ते खरंच हवं होतं.

"मला तर लई बरं वाटंल," ती म्हणाली. "माझ्यासाठी म्हणत असाल तर या. तुमच्यासाठी इचारत असाल तर नका येऊ."

मी काही बोलायच्या आत ती घाईने म्हणाली, "आणि नकार कळवताना गेमचं नाव काढू नका. भावजींचं बोलणं खोटं पडलं तर माझ्यावर येईल." खालून कुणीतरी हाक मारली. चिन्ह विझलं. तिची गाडी तशीच कडेला उभी राहिली, इंजिन चालू.

त्या संध्याकाळी मी केंद्रावर जाण्याआधी माझं सेटअप तिला पाठवून दिलं, आखूड गिअरचं. तिने ते कधी लावलं का, आवाज चालू करून एकदा तरी चालवलं का, मला माहीत नाही. आप्पांना सांगितलं की नळदुर्ग फार लांब पडतं. आप्पा म्हणाले एकाच जिल्ह्यात आहे, अमेरिकेत नाही. मी म्हणाले तरी लांब पडतं. मध्यस्थाने चारचौघांत सांगितलं की मुलीला जरा शिंगं फुटलीत, दूध तपासते म्हणून माणसंही तपासायला लागली. मला ते लागलं, फार लागलं, पण वहिनीचं नाव मध्ये येऊ द्यायचं नव्हतं. आई काही दिवस माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत होती. गेममध्ये नळदुर्गच्या त्या नावापुढचा, कुणी खेळतंय हे दाखवणारा हिरवा ठिपका नकार कळवल्यानंतर काही दिवसांत विझला तो परत पेटला नाही.

उन्हाळ्यात आईने बाजारातून आल्या-आल्या बातमी दिली. नळदुर्गच्या मुलाचं जमलं. मुलगी आपल्याच तालुक्यातली, ईटची. तिथल्याच दवाखान्यात नर्स आहे.

"आणि नोकरी करू देणार हायत तिला," आई पिशवी रिकामी करत म्हणाली. "त्येची आई सोताहून म्हणली म्हणं, आमचं काय म्हणणं न्हाय. माणसं चांगली होती गं. तूच उगी..."

माझ्या हातातला कांदा हातातच राहिला. वहिनीचा कुजबुजता आवाज माझ्या कानात आला. तिने मला गेमचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं. नोकरीचं सांगू नका असं ती म्हणाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध टँकरमध्ये चढलं आणि मी ईटच्या एसटीत जाऊन बसले. त्या मुलीने माझ्यावर विश्वास का ठेवावा, हे मला वाटेत काही केल्या सुचत नव्हतं. तिच्या जागी मी असते तर ठेवला नसता.